गुणपत्रिकेबाहेरचे एक वाद्य

एके काळी नांदेड म्हटले की कापूस, उस्मानशाही मिल आणि गोदावरीचे घाट, व लातूर म्हटले की गंजगोलाई आणि तुरीची आवक, एवढ्या खुणा परमुलखातल्या माणसाला पुरेशा होत; आज या दोन्ही शहरांचा मुख्य व्यापार परीक्षा हाच झाला आहे, आणि असे म्हणताना माझ्या मनात कुचेष्टेचा लवलेशही नाही. ज्या मुलखाने निजामाच्या अमदानीत शाळांची वानवा सोसली, आणि १९४८ च्या सप्टेंबरात त्या अमदानीतून सुटका झाल्यावर शिक्षण हेच आपल्या उद्धाराचे पहिले साधन मानले, त्या मुलखातील मुलेमुली आज उदगीर, मुखेड, किनवट, अहमदपूर अशा गावांहून ट्रंक आणि गादी घेऊन येथे येतात, एकेका खोलीत चौघे-चौघे राहतात, मेसचे डबे खातात, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशाकरिता आपल्या तारुण्यातली दोन वर्षे बाजूला काढून ठेवतात, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. त्यांच्या अभ्यासाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, या दोन शहरांत जे जे शिकावयाचे त्याच्या शेवटी गुणपत्रिका असलीच पाहिजे असा एक अलिखित कायदा जारी झाला आहे, आणि त्याच्या अंमलातून संगीतासारखी बाबही सुटलेली नाही. दहावीच्या परीक्षेत चित्रकला, शास्त्रीय संगीत, लोककला यांसाठी अधिकचे गुण देण्याची तरतूद शासनाने सद्हेतूनेच केली असणार. परंतु तिचा परिणाम असा की मुलाला तबल्याच्या वर्गात घालताना पालक पहिली चौकशी प्रमाणपत्राची करतात, आणि दहावीचा निकाल लागला की तबला डग्ग्यासह माळ्यावर रुजू होतो.

अशा काळात मी ज्या वाद्याची शिफारस करू इच्छितो, ते वाद्य म्हणून गणले जावे की खेळणे म्हणून, याविषयीच लोकांत एकमत नाही. माळेगावच्या यात्रेत शिट्ट्या, पिपाण्या आणि फुगे यांच्या शेजारी त्याची प्लास्टिकची नक्कल मिळते, आणि वजिराबादेतील वाद्यांच्या दुकानात ढोलकी, एकतारी, दिमडी यांनी भिंत व्यापलेली असताना ते काचेच्या कपाटात गिटारच्या तारांजवळ आपल्या डबीत पडून असते. माउथ ऑर्गन हे त्याचे सर्वांच्या तोंडी असलेले नाव. अशाच एका दुकानात, एका मुलाने ते हातात घेऊन उलटसुलट न्याहाळले असता, त्याच्या वडिलांनी दुकानदाराला विचारलेला प्रश्न माझ्या कानावर आला: ‘‘ह्याचा क्लास कुठं असतो?’’ दुकानदार प्रामाणिक होता. ‘‘क्लास नाही साहेब, मोबाइलवर बघून शिकतेत पोरं.’’ वडिलांनी ते वाद्य मुलाच्या हातून घेऊन, मोठ्या सौजन्याने, काउंटरवर परत ठेवले. क्लास नाही, म्हणजे विषय नाही. आणि विषय नाही त्यावर पैसा कशाला घालावयाचा, हा त्यांचा हिशेब आजच्या रिवाजाला धरूनच होता.

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ज्याला वर्ग नाही, ज्याच्या घराण्यांचा दबदबा नाही, ज्याच्या परीक्षेची तारीख कोणी जाहीर करीत नाही, आणि जे शर्टाच्या खिशात मावते, तेच वाद्य या मुलांच्या हाती पडावे. मात्र ही शिफारस ते वाद्य क्षुल्लक आहे म्हणून नव्हे. ते क्षुल्लक नाही, हे एकदा समजून घेतले पाहिजे, आणि ते समजण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते उघडून पाहणे.

दहा भोकांचा एखादा निकामी माउथ ऑर्गन मिळाला, तर त्याची वरखालची पत्र्याची झाकणे काढावीत. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची दहा खणांची फणी असते. तिच्या वर एक आणि खाली एक अशा दोन पितळी पट्ट्या जडविलेल्या असतात. प्रत्येक पट्टीत दहा चिरा, आणि प्रत्येक चिरेवर एका टोकाला खिळलेली व दुसऱ्या टोकाला मोकळी अशी पितळेची एक बारीक जीभ. हवेचा झोत येताच ती जीभ चिरेतून आरपार झुलू लागते, आणि तिच्या लांबी-जाडीप्रमाणे खालचा वा वरचा स्वर निघतो. वरच्या पट्टीवरील दहा जिभा फुंकर मारली असता बोलतात, खालच्या पट्टीवरील दहा श्वास आत ओढला असता. बासरी, सनई, शिंग, तुतारी ही आपली सारी मुखवाद्ये उच्छ्वासावर चालतात, आणि श्वास घेण्याची क्रिया ही वादकाची नाइलाजाची विश्रांती असते. या वाद्यात मात्र आत घेतलेला श्वासही सुरातच घ्यावा लागतो.

आता सरगम लावून पाहू. वाद्य पांढरी एकचे, म्हणजे दुकानदार ज्याला ‘सी’चे म्हणतो ते, घेतले असे धरले, तर मध्य सप्तक चौथ्या भोकापासून सुरू होते. चौथ्यात फुंकर मारली की षड्ज, तेथेच श्वास ओढला की रिषभ. पाचव्यात फुंकरीने गांधार, ओढून मध्यम. सहाव्यात फुंकरीने पंचम, ओढून धैवत. म्हणजे योगशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर सा, ग, प हे रेचकाचे स्वर आणि रे, म, ध हे पूरकाचे. एवढी सुव्यवस्था पाहून शिकाऊ माणूस निर्धास्त होतो आणि सातव्या भोकावर सपशेल फसतो. कारण तेथे क्रम उलटतो, निषाद ओढून येतो आणि तार षड्ज फुंकरीने. धैवत ओढलेला, त्यापाठोपाठ निषादही ओढलेला, अशी दोन पूरके लागोपाठ आल्यामुळे छाती भरून येते, आणि नवशिक्याचा आरोह बहुधा या ठिकाणी कोसळतो. मंद्र सप्तकात तर आणखी एक चमत्कार आहे: तेथे मध्यम आणि धैवत मुळी ठेवलेलेच नाहीत. ही रचना ज्यांनी केली त्यांना युरोपातील लोकगीतांना साथ देताना तीन-तीन स्वर एकदम गोड वाजावेत एवढेच हवे होते; आपल्या आरोह-अवरोहाची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आणि तरीही, आपल्या संगीताच्या दृष्टीने या वाद्यात जे दडलेले आहे ते पाहून मी चकित होतो. मूर्च्छनेचे तत्त्व ज्याला ठाऊक आहे, त्याने या एकाच वाद्यावर षड्जाची जागा बदलून पाहावी. मूळ षड्जावरून बिलावल थाट मिळतो. रिषभाला षड्ज मानले की काफी, गांधाराला मानले की भैरवी, मध्यमाला मानले की कल्याण, पंचमाला मानले की खमाज, आणि धैवताला मानले की आसावरी. सहा थाट, आणि एकही बटण नाही. अर्थात मंद्रातल्या गाळलेल्या स्वरांची अडचण या मार्गावरही पाठ सोडीत नाही. सबब सुरुवात मधल्या भोकांतूनच करावी. भैरव मात्र या हिशेबात कोठेही बसत नाही, कारण कोमल रिषभ व कोमल धैवत यांच्या सोबतीला शुद्ध गांधार व शुद्ध निषाद अशी मांडणी कोणत्याही स्वराला षड्ज मानून येत नाही. परंतु येथेच या वाद्याचे सर्वांत मोठे रहस्य उपयोगी पडते. ओढून वाजणाऱ्या काही स्वरांवर, जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी बदलली आणि श्वास विशिष्ट प्रकारे ओढला, की स्वर घसरत घसरत खाली उतरतो. मध्य सप्तकात अशा रीतीने खाली उतरणारे स्वर दोनच, रिषभ आणि धैवत! भैरवात जे दोन स्वर कोमल हवेत, आणि जे नुसते कोमल असून भागत नाही, तर ज्यांना आंदोलन द्यावे लागते, तेच हे दोन. ज्या लोकांनी भैरव कधी ऐकलाही नव्हता त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या वाद्याने भैरवाच्या आंदोलनाची सोय करून ठेवावी, हा योगायोग मला मोठमोठ्या सिद्धान्तांहून अधिक आनंद देतो. ते साधायला मात्र महिनोन्महिने खर्ची पडतात, हे येथेच नमूद करून ठेवतो.

पितळेच्या मोकळ्या जिभेचे तत्त्व मूळचे पूर्वेकडचे. चीनमधील शेंग या बांबूच्या नळ्यांच्या वाद्यात ते फार प्राचीन काळापासून आहे. युरोपने ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उचलले, आणि त्याच्यापासून अनेक भावंडे जन्माला घातली. पॅरिसमध्ये दबें याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावी माथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ मध्ये माउथ ऑर्गनचा कारखाना काढला आणि पहिल्या वर्षी ६५० नग तयार केले. आपल्या भजनातली पेटी आणि खिशातला माउथ ऑर्गन यांचे नाते हे असे सख्खे आहे. पेटीच्या आत जे सूर असतात, पूर्वी जे जर्मनीहून येत आणि पुढे गुजरातेतील पालिताण्याला होऊ लागले, तेही पितळेच्या मोकळ्या जिभाच.

म्हणूनच पेटीची हकीकत येथे लक्षात घेण्यासारखी आहे. परकी, स्वरांच्या ठरीव साच्यात अडकलेली, मींड न येणारी, असे आरोप ठेवून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली, आणि तो हुकूम १९७१ पर्यंत चालू राहिला. बंदीचा मसुदा करणाऱ्यांची संगीतविषयक तक्रार सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु लोकांनी त्या हुकुमाची दखलच घेतली नाही. ज्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘मानापमाना’ला चाली दिल्या, ते स्वतः नामांकित पेटीवादक होते, आणि तोपर्यंत पेटी महाराष्ट्रात एवढी रुजली होती की तिला परकी म्हणणे कोणाला सुचणेही कठीण. आमच्या नांदेडात पहाटे सचखंड हुजूर साहिबच्या बाजूला जावे, तर रागी मंडळी जिला वाजा म्हणतात त्या पेटीवर कीर्तन चाललेले असते. औसा, निलंगा, कंधार, लोहा या बाजूच्या कोणत्याही खेड्यात भजनी मंडळाची पेटी मारुतीच्या देवळात खुंटीखाली झाकून ठेवलेली सापडते. तिला हा मुलूख आपलासा करावयाला कोणाच्या परवान्याची गरज पडली नाही. धाकट्या भावंडाच्या वाट्याला असे नशीब आले नाही. आणि गंमत अशी, की मींड येत नाही म्हणून थोरलीला जे बोल ऐकून घ्यावे लागले, ती मींड, अर्धीमुर्धी आणि वरून खालीच का होईना, धाकट्याला येते.

त्याच्या वाट्याला सिनेमा आला. ‘सोलवाँ साल’ (१९५८) मध्ये सचिनदेव बर्मन यांच्या संगीतात माउथ ऑर्गन वाजविला तो त्यांच्या मुलाने, राहुलदेवने. त्याच राहुलदेवने ‘दोस्ती’ (१९६४) मध्ये लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल या आपल्या तरुण मित्रांकरिता ते वाजविले, आणि कुबड्या घेऊन चालणाऱ्या रामूच्या ओठांवरचे ते वाद्य पाहून त्या पिढीतील कित्येक मुलांनी घरी हट्ट धरला. पुढे ‘शोले’ (१९७५) मध्ये ठाकूरच्या हवेलीसमोर संध्याकाळी जय वाजवीत बसतो ती धून भानू गुप्ता यांची. या चित्रपटांनी वाद्याला घरोघर पोहोचविले खरे, पण एक अपकारही केला. माउथ ऑर्गन म्हणजे उनाड, एकाकी किंवा अभागी माणसाचा सोबती, अशी एक छाप त्यावर कायमची बसली. आणि अभ्यासू मुलाने त्याच्या नादी लागू नये हा पालकांचा संशय बळावला. वस्तुतः १६ डिसेंबर १९६५ रोजी वॉली शिरा या अमेरिकन अंतराळवीराने जेमिनी ६ या यानात एक इवलासा माउथ ऑर्गन वाजवून पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाला नाताळचे गाणे ऐकविले होते, आणि त्या गृहस्थाच्या अभ्यासाविषयी शंका घेण्याची छाती कोणत्याही कोचिंग क्लासच्या संचालकाला होऊ नये.

शिकावयाचे कसे, हा प्रश्न उरतो. पहिली अडचण खरेदीतच येते. दुकानात सहज मिळणारे, काही शे रुपयांचे, चोवीस घरांचे चिनी वाद्य हे कंप देणाऱ्या जातीचे असते. त्यात प्रत्येक स्वराला दोन जिभा, एक किंचित चढी व एक किंचित उतरी, अशा लावलेल्या असतात, आणि त्या दोघींच्या भांडणातून तो थरथरता, हिंदी सिनेमातला ओळखीचा आवाज येतो. गाणी वाजवावयाची एवढीच हौस असेल तर तेच घ्यावे. त्यात वाईट काही नाही. ज्याला रागाकडे वळावयाचे आहे त्याने दहा भोकांचेच घ्यावे, कारण जोडीच्या जिभांच्या वाद्यावर मींड काढणे जवळजवळ अशक्य. बटणाचे, बाराही सुरांचे वाद्य फार सुंदर, पण ते महाग असते आणि नवशिक्याच्या हाती फुकट जाते. मग पहिले काही दिवस ओठांचा चंबू करून एका वेळी एकच भोक वाजविण्याच्या खटपटीत जातात, आणि शेजारचे भोक सारखे मध्ये तोंड घालते. जेवून तसेच वाजवावयास बसू नये, चूळ भरावी. वाजवून झाल्यावर वाद्य तळहातावर आपटून आतला ओलावा झाडावा. आणि ते कोणाला उसने देऊ नये, कोणाचे घेऊ नये. उष्ट्याखरकट्याचा आमच्या घरांतला जुना दंडक पुष्कळ बाबतींत अन्यायाचा होता, पण या एका ठिकाणी तो अगदी रास्त आहे.

येथे मला एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत फुप्फुसाच्या दीर्घ विकाराच्या रुग्णांना श्वासाचा व्यायाम म्हणून माउथ ऑर्गन शिकवितात, हे सांगून, आणि त्याला एकाग्रता, स्मरणशक्ती असली दोन-चार फळे जोडून, पालकांचे मन वळविणे सोपे आहे. परंतु ज्या क्षणी मी असे म्हणेन त्या क्षणी हे वाद्यही गुण मिळविण्याचे एक साधन होईल. ‘नीट’च्या तयारीला उपयुक्त म्हणून त्याची जाहिरात शिवाजीनगरच्या खांबांवर झळकेल, आठवड्यातून तीन दिवसांची बॅच निघेल, आणि ज्या मुलाचा सातव्या भोकावर पाय घसरतो त्याच्या घरी तक्रारीचा मेसेज जाईल. त्यापेक्षा ते निरुपयोगी आहे असेच मानलेले बरे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला, ज्याच्या प्रत्येक आठवड्याचा क्रमांक भिंतीवर लावला जातो, दिवसाकाठी अर्धा तास अशा एखाद्या गोष्टीपाशी घालविता यावा की जिच्यात तो कितवा आहे हे विचारणारा कोणी नाही, यात माझी सारी मागणी आली. चुकले तर चुकले. बंदाघाटाच्या पायऱ्यांवर बसून चुकीचा निषाद लागला म्हणून गोदावरीला काही वाटत नाही.

आक्षेप आहेत, ते मला ठाऊक आहेत. नवशिक्याचे वाजविणे ऐकणाऱ्याच्या सहनशक्तीची कसोटी पाहते, आणि चौघांच्या खोलीत एकाने सुरू केले तर उरलेल्या तिघांनी काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. वसतिगृहांच्या व्यवस्थापकांनी ही वस्तू मोबाइलसारखी जप्त करण्याच्या यादीत न घालता, संध्याकाळच्या जेवणापूर्वी अर्धा तास गच्ची मोकळी करून द्यावी. तेथे कोणी वाजवील, कोणी नुसता उभा राहील, कोणी घरी फोन लावील. शाळांच्या ग्रंथालयांनी हवे तर एखादे जुने वाद्य उघडून काचेखाली ठेवावे, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना कंपनाचा धडा शिकविताना फळ्यावर वेडीवाकडी आकृती काढावी लागणार नाही. गावच्या भजनी मंडळाचा पेटीवाला सुटीत भेटला तर त्याच्याकडून अलंकार लिहून घ्यावेत. ते जसेच्या तसे येथे चालतात, आणि त्यालाही हे धाकटे भावंड हाताळून पाहण्याची उत्सुकता असतेच. याहून अधिक व्यवस्थेची गरज नाही. शिक्षण खात्याकडे मात्र एक अर्ज आहे. माउथ ऑर्गनला दहावीच्या अधिकच्या गुणांसाठी पात्र वाद्यांत समाविष्ट करावे असा प्रस्ताव पुढेमागे कोणा उत्साही गृहस्थाने, सर्व दाखले जोडून, पाठविलाच, तर त्यावर कोणताही शेरा न मारता तो दप्तरी दाखल करून ठेवावा.